झीरो टिकवणारा जोड

रायफलीवर बसवलेली दुर्बीण, जिला सैनिक आणि नेमबाज दोघेही स्कोप म्हणतात, ती गोळीला दिशा देत नाही; नळीची दिशा आणि डोळ्याची दिशा यांच्यातील कोन ती फक्त दाखवते, आणि ठरावीक अंतरावर या दोन दिशा एकाच बिंदूवर आणून मिळवण्याच्या क्रियेला झीरो करणे असे म्हणतात. 100 मीटरवर झीरो केलेल्या रायफलीची गोळी त्या अंतरावर स्कोपमधील फुलीच्या मध्याशी लागते. झीरो करणे हे तासाभराचे काम आहे. तो टिकणे, म्हणजे शेकडो गोळ्या झाडल्यावर, रायफल तापून थंड झाल्यावर आणि वाहनातून हादरे खात फिरल्यावरही गोळी तेथेच लागणे, ही वेगळी आणि अधिक अवघड गोष्ट आहे. हा गुण भिंगांवर फारसा अवलंबून नसतो. तो मुख्यतः स्कोप आणि रायफल यांना जोडणाऱ्या धातूच्या तुकड्यात, म्हणजे माउंटमध्ये, आणि त्याच्या चार-सहा स्क्रूंमध्ये असतो. त्यामुळे या विषयाचा मोठा भाग फिटरच्या कामाचा आहे, आणि घाटकोपरपासून भांडुप-मुलुंडपर्यंत लाल बहादूर शास्त्री मार्गालगत ज्या अभियांत्रिकी कारखान्यांनी गेल्या शतकात फिटर आणि टर्नर यांच्या पिढ्या घडवल्या, तेथील जुन्या कामगाराला तो एखाद्या हौशी नेमबाजापेक्षाही लवकर उमगेल.

प्रश्न किती सूक्ष्म मापांचा आहे हे साध्या गणिताने कळते. माउंट 100 मिलिमीटर लांब आहे आणि त्याचे एक टोक फक्त 0.1 मिलिमीटरने, म्हणजे साधारण एका कागदाच्या जाडीइतके, उचलले गेले असे मानले, तर स्कोपची दिशा एक हजारांश रेडियनने बदलते. या कोनाला मिलिरेडियन म्हणतात आणि त्याचा परिणाम 100 मीटरवर 10 सेंटीमीटर, तर 300 मीटरवर 30 सेंटीमीटर इतका होतो. दुसरे प्रचलित माप मिनिटाचे आहे. अंशाचा साठावा भाग असलेला हा कोन 100 मीटरवर सुमारे 29 मिलिमीटर भरतो, आणि बहुतेक स्कोपच्या दिशा जुळवणाऱ्या फिरकीची एक टिचकी त्याच्या चौथ्या हिश्शाची किंवा मिलिरेडियनच्या दहाव्या हिश्शाची असते. जोडातील हालचाल काही शतांश मिलिमीटरची असली तरी ती या टिचकीपेक्षा मोठी ठरू शकते, म्हणून डोळ्यांना घट्ट दिसणारा आणि हाताला न हलणारा माउंटही झीरो सोडत असू शकतो.

सेमी-ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे घोड्याच्या प्रत्येक ओढीला एक गोळी झाडून पुढची गोळी आपोआप भरून घेणारी रायफल, हे संकट वाढवते. भारतात शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालील नियमांमुळे अशी रायफल सामान्य नागरिकाच्या हाती सहसा येत नाही. ती सैन्यदले, निमलष्करी दले आणि पोलीस यांच्याकडे असते. हाताने बोल्ट ओढण्याच्या रायफलीत स्कोपला मुख्यतः मागच्या दिशेचा एकच झटका बसतो. वायूवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत मात्र नळीतील तप्त वायूचा काही भाग पिस्टनला ढकलतो, पिस्टन बोल्ट वाहणारा जड भाग मागे फेकतो, तो मागच्या टोकाला आपटतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुन्हा पुढे येऊन नळीच्या मागच्या तोंडाशी थडकतो. एका गोळीमागे स्कोपला असे उलटसुलट दिशांचे अनेक धक्के बसतात.

मुंबईकरांच्या सर्वांत ओळखीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलीत ही अडचण ठळकपणे दिसते. 1962 च्या युद्धानंतरच्या काळात इशापूरच्या कारखान्यात बनू लागलेली 7.62 मिलिमीटरची एसएलआर, जी पुढे अनेक वर्षे मुंबईच्या पोलिसांच्या खांद्यावर दिसत राहिली, तिच्या यंत्रणेवर पातळ पत्र्याचे सरकते झाकण असते. स्कोप बसवायला वरची हीच जागा मोकळी. पण पत्रा धक्क्याने लवतो आणि आपल्या खाचेत किंचित सरकतो, म्हणून त्याच जातीच्या ब्रिटिश रायफलीवर चारपट दाखवणारी दुर्बीण बसवताना मूळ झाकणाच्या जागी मुद्दाम मजबूत केलेले झाकण वापरावे लागले. पुण्याच्या पाषाण येथील आयुध संशोधन आणि विकास संस्थेत घडलेली 5.56 मिलिमीटरची इन्सास, जी 1999 च्या कारगिल युद्धात भारतीय पायदळाच्या हाती होती, तीही वायू-पिस्टनवर चालणारी आणि वर पत्र्याचे झाकण असलेली रायफल आहे. सोव्हिएत अभियंत्यांनी 1963 मध्ये स्वीकारलेल्या द्रागुनोव्ह रायफलीत, जी भारतीय लष्करानेही वापरली, या झाकणाला हातच न लावता यंत्रणेच्या डाव्या बाजूला पोलादी पट्टी बसवून स्कोप तिच्यावर चढवला, आणि पायाच पक्का निवडण्याचा हा विचार अधिक शहाणपणाचा म्हणावा लागेल.

आज बहुतेक नव्या रायफलींवर दिसणारी आडव्या खाचांची रेल 1995 मध्ये अमेरिकेच्या पिकाटिनी आयुधशाळेच्या नावाने प्रमाणित झाली. तिच्या खाचा 5.23 मिलिमीटर रुंद असतात आणि एकमेकींपासून सुमारे 10 मिलिमीटरवर असतात. माउंटचा आडवा दांडा खाचेत बसतो, पण तो खाचेत सैल राहिला तर प्रत्येक धक्क्याला माउंट तेवढे अंतर मागेपुढे सरकतो. म्हणून स्क्रू आवळण्यापूर्वी माउंट हाताने पुढे दाबून दांडा खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवतात आणि मगच पिळतात. याहून मोठी चूक म्हणजे माउंटचा एक पाय यंत्रणेच्या घरावर आणि दुसरा नळीभोवतीच्या पुढच्या मुठीवर ठेवणे. हे दोन भाग वेगळे असतात आणि हाताच्या किंवा आधाराच्या दाबाने पुढचा भाग वाकतो, त्यामुळे संपूर्ण माउंट एकाच भागावर राहिला पाहिजे.

उष्णतेचाही विचार करावा लागतो. 100 मिलिमीटर लांबीचे पोलाद 50 अंश सेल्सियसने तापले तर सुमारे 0.06 मिलिमीटरने वाढते आणि तेवढेच ॲल्युमिनियम सुमारे 0.115 मिलिमीटरने. पोलादी रायफलीवर ॲल्युमिनियमचा माउंट असेल तर दोन्ही धातू एकमेकांशी ओढाताण करतात, आणि जोडाचे घर्षण कमी पडले तर ते एकमेकांवर घसरतात आणि थंड झाल्यावर नेमके मूळ जागी परततीलच असे नाही.

म्हणून सगळा भार अखेर स्क्रूवर येतो, आणि स्क्रू हा खिळा नाही, ताणलेली स्प्रिंग आहे, ही या विषयातली कळीची गोष्ट. पिळल्यावर स्क्रू किंचित लांब होतो, आणि पूर्ववत होण्याच्या त्याच्या ओढीने दोन पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात. माउंट जागेवर राहतो तो या दाबातून आलेल्या घर्षणामुळे. गेर्हार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवले, की स्क्रूच्या अक्षाला आडव्या दिशेने वारंवार होणारी हालचाल त्याला सर्वांत लवकर सैल करते, आणि रायफलीचे धक्के रेलवरच्या स्क्रूंना नेमके आडवेच लागतात. कमी पिळलेला स्क्रू आपली पकड हळूहळू सोडतो, अति पिळलेला स्क्रू आटे खातो किंवा स्कोपची पातळ ॲल्युमिनियमची नळी चेपतो, त्यामुळे अंदाजाने पाना मारण्याऐवजी टॉर्क रेंच, म्हणजे पिळण्याचे बल मोजणारा पाना, वापरावा लागतो. स्कोपभोवतीच्या रिंगांचे स्क्रू साधारण 2 न्यूटन-मीटरच्या आसपास आणि रेलचा आडवा दांडा त्याच्या तीन-चार पट पिळतात, तरी अंतिम आकडा उत्पादकाचाच मानावा. पिळण्याआधी आटे तेलमुक्त केलेले असावेत आणि रिंगा एकाच सरळ रेषेत असाव्यात, नाहीतर घट्ट पिळल्याने स्कोपची नळी वाकते आणि तो ताण पुढे झीरोत उतरतो.

मुंबईच्या खारट, दमट हवेत आणखी एक शत्रू असतो. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकून ओलावा मिळाला, तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि जोडाखाली पांढरी पूड साचते, जी माउंट वर उचलून धरते. जुन्या रायफलीचा लाकडी दस्ता तर पावसाळ्यात फुगून नळीवरचा दाब बदलतो, म्हणून पावसाळ्यानंतर झीरो पुन्हा तपासणे हे शहाण्या शस्त्रागाराचे नित्यकर्म असायला हवे. स्क्रूच्या डोक्यावरून माउंटवर आलेली रंगाची बारीक रेघ तपासणीत फार मदत करते: रेघ तुटली तर स्क्रू फिरला, रेघ शाबूत असूनही गोळ्यांचा गट सरकला तर दोष नळी, दस्ता, स्कोपचे अंतर्भाग किंवा दारूगोळ्याचा नवा लॉट यांत शोधावा.

स्कोप नसलेल्या रायफलीतही हेच गणित लागू पडते, आणि महाराष्ट्राने त्याचा सर्वांत सुंदर दाखला दिला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचा आणि मध्य रेल्वेत नोकरी करणारा स्वप्निल कुसाळे याने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलच्या तीन स्थितींच्या प्रकारात 451.4 गुणांसह कांस्यपदक मिळवले, जे 1952 च्या खाशाबा जाधवांनंतर महाराष्ट्राचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले. या प्रकारात दुर्बिणीला परवानगी नाही. मागे बारीक छिद्राची साइट आणि पुढे वर्तुळाकार साइट असते. दोहोंमधील अंतर सुमारे 80 सेंटीमीटर धरले, तर मागची साइट 0.1 मिलिमीटरने हलली की 50 मीटरवर गोळी 6 मिलिमीटरहून अधिक सरकते, आणि तेथे दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास फक्त 10.4 मिलिमीटर असतो.

या खेळात आणखी एक गोष्ट स्पष्ट दिसते. गुडघ्यावर, पोटावर आणि उभ्याने, अशा तीन स्थितींत गालाचा दाब, डोक्याचा कोन आणि धक्का झेलणाऱ्या शरीराचा आधार बदलतो, म्हणून स्थिती बदलल्यावर नेमबाज सरावाच्या गोळ्या झाडून साइटच्या टिचक्या पुन्हा जुळवतो. स्कोपवालाही यातून सुटत नाही, कारण डोळा मध्यापासून ढळला की फुली लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसते, याला पॅरालॅक्स म्हणतात, आणि माउंट निर्दोष असूनही गट पसरतो. म्हणून माउंटची उंची आणि स्कोपचे डोळ्यापासूनचे अंतर असे ठरवावे लागते, की गाल दस्त्यावर प्रत्येक वेळी एकाच जागी टेकेल आणि मान न ताणता डोळा आपोआप मध्यावर येईल.