दहा चाकांचा म्हातारा पैलवान

ए दोस्ता, एक कोडं सोडव बरं!

पाऊस धो धो कोसळतोय. गोवंडीत घाटकोपर-मानखुर्द जोडरस्त्याच्या कडेला मालाने भरलेला एक ट्रक जरासा खाली उतरला आणि रुतला! चाकं गरागरा फिरतायत. चिखल उडतोय. ट्रक मात्र जागचा हलत नाही.

आता त्याला बाहेर कोण काढेल? सगळ्यात वेगवान गाडी? छे! सगळ्यात नवीन गाडी? तीही नाही!

मुंबईत कित्येक वर्षं अशा वेळी धावून यायचा एक म्हातारा. साधासुधा नव्हे, दुसऱ्या महायुद्धात नोकरी केलेला म्हातारा! माणूस नाही हं, ट्रक!

खरंच सांगतेय! ते युद्ध 1945 मध्ये संपलं. पण त्या युद्धासाठी बनलेले काही ट्रक 2000 साल उलटल्यावरही मुंबईत रुतलेल्या गाड्या ओढत होते. तुझ्या आजोबांपेक्षाही वयाने मोठे ट्रक!

ते इथे आले कसे? युद्धाच्या काळात जहाजं भरभरून ट्रक भारतात उतरले. काही अमेरिकेचे, काही कॅनडाचे. अशाच ट्रकांसाठी आसामातल्या लेडो गावापासून ब्रह्मदेशातून थेट चीनपर्यंत डोंगर फोडून एक रस्ता बनवला होता. जानेवारी 1945 मध्ये त्यावरून 113 गाड्यांचा पहिला तांडा निघाला. चिखल, जंगल, घाट! पोहोचायला त्याला फेब्रुवारी उजाडला.

मग युद्ध संपलं. एवढ्या ट्रकांचं करायचं काय? परत न्यायचे म्हणजे केवढा खर्च! म्हणून पुष्कळ ट्रक इथेच राहिले आणि विकले गेले. आपल्या गॅरेजवाल्यांनी त्यांच्या पाठीवर लोखंडी खांब उभे केले, साखळी लावली, कप्पी लावली. झाली क्रेन तयार!

त्यातल्या कॅनडाच्या ट्रकांची एक गंमत ऐक. फोर्ड आणि शेवरोले या कंपन्या एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक. पण युद्धासाठी दोघींनी एकाच नमुन्याचे ट्रक बनवले! नाक चपटं, आणि पुष्कळांची पुढची काच चक्क उलटी झुकलेली. म्हणजे काचेची वरची कड पुढे! का, सांग पाहू? काचेवर ऊन चमकलं तर आकाशातल्या शत्रूच्या विमानाला ट्रक दिसेल. काच जमिनीकडे झुकवली की चमक वर जातच नाही. आहे की नाही हुशारी?

आता त्याच्या ताकदीकडे येऊ. पण आधी सांग, गाडी रुततेच का?

गोवंडीचा बराच भाग ठाण्याच्या खाडीकाठी भर टाकून झालेला आहे. पूर्वी इथे भरतीचं पाणी यायचं, दलदल असायची. अशी जमीन भिजली की मऊ होते. गाडीला पुढे जायचं तर चाकाला जमीन मागे रेटावी लागते. पण चिखलच मागे सरकला तर? चाक नुसतं फिरतं. जितकं फिरतं, तितका खड्डा खोल! म्हणजे घाबरून जोरात ॲक्सिलरेटर दाबला, तर गाडी स्वतःच आपला खड्डा खणते!

आणि साध्या ट्रकचं इंजिन फक्त मागची चाकं फिरवतं. पुढची नुसती सोबत येतात. मागची रुतली की पुढची त्यांना काहीच मदत करत नाहीत.

आपल्या म्हाताऱ्याचं तसं नाही! जीएमसी कंपनीचा असा एक अमेरिकी ट्रक होता. युद्धात ते साडेपाच लाखांहून जास्त बनले. त्याला पुढे दोन आणि मागे आठ अशी दहा चाकं. आणि इंजिन दहाच्या दहा फिरवायचं! दोन-चार घसरली तरी बाकीची रेटत राहायची. रस्सीखेचीत एक गडी पडला तरी संघ ओढतच राहतो ना, तसंच.

बरं, आता खुर्ची घट्ट धर! या ट्रकच्या इंजिनाची शक्ती किती असेल? पाचशे अश्वशक्ती? हजार?

फक्त शंभराच्या आसपास! आज तुझ्या इमारतीखाली उभी असते ना, ती छोटीशी मोटार? तिचंही इंजिन जवळजवळ तेवढ्याच शक्तीचं असतं!

मग मोटार का नाही ट्रक ओढत?

इथेच तर सगळी जादू आहे! सगळ्यात खालच्या गिअरमध्ये या म्हाताऱ्याचं इंजिन सुमारे शंभर वेळा फिरायचं, तेव्हा कुठे चाक एकदा फिरायचं. शंभराला एक! ट्रक इतका हळू चालायचा, की तू शेजारून शीळ घालत चालत पुढे निघून जाशील.

पण वेग गेला आणि त्याच्या बदल्यात काय आलं? जोर! गिअरच्या सायकलवर चढ चढताना तू हलका गिअर टाकतेस किंवा टाकतोस ना? पाय भराभर फिरतात, सायकल गोगलगाय होते, पण चढ मात्र सर होतो. अगदी तसंच!

म्हणजे नियम एका ओळीचा: वेग दे, जोर घे. फुकट काहीच मिळत नाही!

आता हा नियम आणखी कुठे कुठे लपलाय, बघ हं!

पुष्कळ लष्करी ट्रकांच्या पुढे एक विंच असायचा. विंच म्हणजे मोठं लोखंडी रीळ. त्यावर पोलादी दोर गुंडाळलेला. दोराचं टोक रुतलेल्या गाडीला अडकवायचं आणि इंजिनाने रीळ हळूहळू फिरवायचं. जीएमसीचा विंच सुमारे साडेचार टन जोर लावायचा.

आता ओळख, हा विंच सगळ्यात जास्त जोर कधी लावतो? रीळ दोराने गच्च भरलेलं असताना, की जवळजवळ रिकामं असताना?

रिकामं असताना! काय, चकलास ना? की चकलीस?

कारण सोपं आहे. दोराच्या थरांवर थर चढले की रीळ जाडजूड होतं. एका फेरीत खूप दोर ओढला जातो. वेग जास्त, म्हणून जोर कमी. रीळ बारीक असलं की एका फेरीत थोडाच दोर येतो. वेग कमी, म्हणून जोर जास्त! म्हणून अनुभवी क्रेनवाला बराचसा दोर सोडून, लांब उभा राहून ओढतो. पण शेवटचे काही वेढे मात्र रिळावर ठेवतोच, नाहीतर दोरच निसटेल!

आणि साडेचार टनही कमी पडले तर? रुतलेल्या गाडीला एक कप्पी बांधायची. ट्रकचा दोर तिच्यातून फिरवून परत ट्रकलाच अडकवायचा. आता एका दोराऐवजी दोन दोर ओढतायत! साडेचारचे जवळजवळ नऊ टन झाले! आणि गाडी? ती मात्र निम्म्या वेगाने सरकते. पुन्हा तोच नियम!

सावकाश ओढण्याचा आणखी एक फायदा आहे. चिखल गाडीला खाली धरून ठेवतो. ओल्या चिखलात चप्पल अडकली की कशी सुटत नाही? तिच्याखाली हवा शिरत नाही, म्हणून! हळूहळू, जरा तिरकं उचललं की हवा आणि पाणी आत शिरतं आणि ‘पचाक’! सुटली! ट्रकचंही तसंच. हिसका देणारा फसतो, धीर धरणारा जिंकतो.

मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेव. ताणलेल्या दोराजवळ कधीही उभं राहायचं नाही! तो तुटला तर आसुडासारखा उलटा फिरतो. म्हणून जाणकार माणसं दोरावर जाड गोणपाट टाकतात आणि बघ्यांना लांब पिटाळतात.

क्रेनवाल्यांची एक युक्तीही सांगते. मागे जड गाडी लटकवली की सी-सॉसारखं क्रेनचं तोंड वर उचललं जातं. पुढची चाकं जमिनीवर टेकलीच नाहीत, तर वळणार कसं? मग पुढच्या बंपरवर लोखंडाचं ओझं ठेवायचं. झाला तोल!

इतकी वर्षं हे म्हातारे टिकले कसे? दमलेलं पेट्रोल इंजिन काढून डिझेलचं बसवलं जायचं. एकसारखे लाखो ट्रक बनलेले, म्हणून एकाचा भाग दुसऱ्याला चालायचा. पुढे आपल्या सैन्यासाठी 1959 पासून जबलपूरला ‘शक्तिमान’ ट्रक बनू लागले. आणि महायुद्धातल्या ट्रकांसारखेच वय झालेले लष्करी ट्रक आजही लिलावात विकले जातात.

चल, आता तुझी पाळी! झाडूचे दोन गुळगुळीत दांडे घे. दोन दणकट मित्रांना एकेक दांडा दोन्ही हातांनी आडवा धरायला सांग. दांड्यांमध्ये हातभर अंतर ठेव. एका दांड्याला दोरी बांध आणि ती दोन्ही दांड्यांभोवती तीन-चार वेळा गुंडाळ. मोकळं टोक धर. मित्रांना सांग, ‘दांडे जवळ येऊ देऊ नका!’ बोटं मात्र दांड्यांच्या मध्ये नकोत हं.

आता सावकाश ओढ. दोघं कितीही ताकद लावोत, दांडे जवळ येतीलच!

मग दोरी मोज. दांडे किती सरकले आणि तुझ्या हातात किती दोरी आली? कितीतरी पट जास्त! एवढी दोरी का ओढावी लागली, हे त्या दोघांना विचार. उत्तर आलं नाही, तर पुढच्या डावाला त्यांना आणखी दोन वेढे वाढवून दाखव!