विश्लेषण : 20 टन उचलणारे हेलिकॉप्टर जमिनीवर का?
मी-26 हे उत्पादनात असलेले जगातील सर्वांत मोठे हेलिकॉप्टर. भारतीय हवाई दलाकडेही चंडीगड येथे अशी 4 हेलिकॉप्टर होती. 2010 मध्ये एक अपघातग्रस्त झाले, तर उरलेली ओव्हरहॉलच्या प्रतीक्षेत जमिनीवरच राहिली.

सुट्या भागांची अडचण काय?
सोव्हिएत काळात या हेलिकॉप्टरची बांधणी रशियातील रोस्तोव्हमध्ये, तर डी-136 इंजिनांची निर्मिती युक्रेनमधील झापोरिझ्झियात होत असे. पुढे दोन्ही देश वेगळे झाले. 2014 मध्ये युक्रेनने रशियाशी लष्करी सहकार्य थांबवले आणि पुरवठा साखळी तुटली.

दुसरे इंजिन का बसवत नाहीत?
मी-26 ला 10 हजारांहून अधिक अश्वशक्तीची दोन इंजिने लागतात. एवढ्या ताकदीचे इंजिन सहज मिळत नाही. मिळाले तरी ते गिअरबॉक्सशी जुळवून पुन्हा चाचण्या घ्याव्या लागतात. रशिया आता पीडी-8व्ही हे स्वदेशी इंजिन विकसित करत आहे.

नवे हेलिकॉप्टर बनवणे सोपे आहे का?
नाही. अमेरिकेच्या सीएच-53केचे विकासाचे कंत्राट 2006 मध्ये दिले गेले. पहिले उड्डाण 2015 मध्ये झाले आणि ते प्राथमिक कारवाईसाठी सज्ज ठरले 2022 मध्ये.

भारतासमोरील मार्ग कोणता?
2019 पासून 15 चिनूकचा ताफा दाखल होऊ लागला. पण चिनूक मी-26 च्या जवळपास निम्माच भार उचलते. त्याचे सुटे भागही परदेशातूनच येतात. त्यामुळे खरेदी करारातच देशांतर्गत ओव्हरहॉलची सोय असणे महत्त्वाचे ठरते.