पन्नास अंशांतला दुसरा गिअर

३० जून १९४६ रोजी ‘ब्रिटिश फ्युजिलियर’ हे जहाज कुवेतचे पहिले कच्चे तेल भरून निघाले. तेलामागून पैसा आला, पैशामागून मोटारी. त्या काळच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये पडत असे ते साधे खनिज तेल. आपल्याकडचे मिस्त्री अजूनही ज्याला ‘नव्वद नंबर’ म्हणतात, तेच. जमिनीतून निघालेल्या या तेलाची जागा पुढे प्रयोगशाळेत घडवलेल्या सिंथेटिक तेलाने घेतली. कुवेतसारख्या तापलेल्या देशात हा बदल मोलाचा ठरला, पण लोक समजतात त्या कारणासाठी नव्हे.

गिअरबॉक्समधल्या तेलाकडून दोन उलटी कामे हवी असतात. दातांवर त्याने निसरडा थर धरावा, आणि सिंक्रोच्या कड्यावरून मात्र क्षणात बाजूला व्हावे. गिअर टाकताना हे कडे शंकूवर दाबले जाते, घर्षणाने दोन्हींचा वेग जुळतो आणि मगच दाते एकमेकांत बसतात. तेल जास्त निसरडे असेल तर कडे घसरते, वेग जुळत नाही आणि ‘खर्र’ असा आवाज येतो. फार दाट असेल तर ते कड्याखालून निसटत नाही. जुन्या फेरारीत तेल गरम होईपर्यंत दुसरा गिअर टाळून पहिल्यातून थेट तिसऱ्यात जाण्याची सवय चालकांनी लावून घेतली, ती यामुळेच. बोरघाटात जुनी गाडी दुसऱ्यात घालताना ज्यांचा हात अडखळला आहे, त्यांना हे वेगळे सांगायला नको.

१९७० च्या दशकात सिंथेटिक तेल सर्वसामान्य गाड्यांपर्यंत पोचले. १९७४ मध्ये ‘मोबिल १’ अमेरिकेत विकायला आले, तेही इंजिनासाठी. गिअरबॉक्समध्ये ते रुळायला आणखी वेळ लागला.

मधल्या वर्षांत घोटाळा झाला तो दर्जाच्या आकड्यांचा. डिफरन्शिअलमधल्या हायपॉइड दातांचे एकमेकांवर प्रचंड दाबाखाली घासणे होते, म्हणून त्यांना गंधक-फॉस्फरसची भरपूर रसायने घातलेले ‘जीएल-५’ तेल लागते. पितळी सिंक्रो असलेल्या बहुतेक गिअरबॉक्सना सौम्य ‘जीएल-४’ पुरते. पाच हा आकडा चारपेक्षा मोठा, म्हणून तेल अधिक चांगले, असे समजून कित्येकांनी गिअरबॉक्समध्येही जीएल-५ भरले. त्यातले काही गंधकी घटक उष्णतेत तांबेयुक्त धातूला खातात, शिवाय कड्याची पकडही कमी होते. सिंथेटिक असूनही तेल चुकीचे असू शकते, हे ध्यानात यायला अनेक कड्यांची किंमत मोजावी लागली. निस्सानच्या झेड मालिकेसारख्या गाडीत गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल वेगळे, त्यामुळे डबेही दोन. पोर्शे ९११ मध्ये मात्र दोन्ही एकाच कवचात आणि एकाच तेलात. तिथे कारखान्याने सांगितलेल्या तेलापासून ढळायची सोयच नाही.

आता कुवेतचे ऊन. २१ जुलै २०१६ रोजी मित्रिबा येथे ५३.९ अंश सेल्सिअस नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने ती नोंद पुढे तपासून मान्य केली. थंड देशात सिंथेटिकचे कौतुक होते ते कडाक्याच्या थंडीतही ते वाहते म्हणून. शंभर अंशांवर खनिज ८०डब्ल्यू-९० आणि सिंथेटिक ७५डब्ल्यू-९० यांचा दाटपणा जवळपास सारखाच असतो. फरक दिसतो तो गार तेलात, आणि कुवेतच्या वाळवंटातही जानेवारीच्या रात्री पारा शून्याजवळ येतोच. पण खरा लाभ आयुष्याचा आहे. तापमान दर दहा अंशांनी वाढले की तेलाचे ऑक्सिडेशन साधारण दुप्पट वेगाने होते, असा ठोकताळा आहे. तापलेल्या डांबरावर रहदारीत अडकलेल्या गाडीच्या गिअरबॉक्सला वारा लागत नाही, आणि शेजारून सायलेन्सरचा पाइप गेलेला असतो. तिथे खनिज तेल काळवंडते, आणि त्यात दाटपणा राखण्यासाठी पॉलिमर घातलेले असले तर ते दातांत चिरडून तेल पातळ होते. सिंथेटिकला या पॉलिमरची गरज कमी, म्हणून ते टिकते.

२०११ पासून शेजारच्या कतारमध्ये रास लफान येथील ‘पर्ल जीटीएल’ प्रकल्पात नैसर्गिक वायूपासून मूळ तेल बनू लागले. म्हणजे असे तेल आता आखातातच तयार होते. नेमक्या त्याच काळात मॅन्युअल गिअर मात्र मागे पडत होता. २०१३ ची पोर्शे ९११ जीटी३ फक्त स्वयंचलित दुहेरी क्लचसह आली. चाहत्यांची नाराजी इतकी होती की २०१६ च्या ९११ आरमध्ये आणि पुढच्या वर्षी जीटी३ मध्येही मॅन्युअल परतला. नव्या निस्सान झेडनेही तो ठेवला आहे.

राजधानीच्या दक्षिणेला, अरिफजानजवळ, ५.६०९ किलोमीटरचा ‘कुवेत मोटर टाउन’ ट्रॅक उभा राहिल्यापासून अशा गाड्यांना वेगासाठी हक्काची जागा मिळाली. तिथून परतलेल्या गाडीचे तेल बदलताना अनुभवी मिस्त्री आधी ड्रेन बोल्टवरचा चुंबक पाहतो. त्याला चिकटलेली बारीक करडी पेस्ट म्हणजे पोलादाची नेहमीची झीज. मग तो तेलाचे दोन थेंब पांढऱ्या फडक्यावर घेऊन उन्हात धरतो. चुंबकाला न चिकटणारी सोनेरी चमक तिथे दिसली, तर ती पितळी कड्याची असते.