व्हॉल्व्हचा बायोडेटा वाचता येतो का?

घरात जुना व्हॉल्व्ह रेडिओ पडलाय आणि सर्किट डायग्राम कधीच गायब झालाय? टेन्शन नॉट! गोंदियातल्या माझ्या आजीचा रेडिओ असाच मुका झाला होता. भंगारात द्यायचंही ठरलं होतं. पण बाजारातल्या मेकॅनिककाकांनी डायग्राम मागितलाच नाही. "व्हॉल्व्हवरच लिहिलंय ना बेटा!"

फंडा सॉलिड आहे. 'ईएल-८४' मधला 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, 'एल' म्हणजे स्पीकर हलवणारा पेंटोड, '८' म्हणजे नऊ पिना. 'ईझेड-८०' एसीचं डीसी करतो. नाव कळलं की कुठल्या पिनेवर काय, ते डेटाबुकात मिळतं. मग स्पीकरकडून उलटं एरियलकडे जायचं. काकांनी आधी ६० वॉटचा बल्ब सिरीजमध्ये लावला. तो भगभगीत पेटत राहिला तर आत शॉर्ट.

आमच्याकडे दोषी निघाला ईएल-८४ च्या ग्रिडवरचा कागदी कंडेन्सर. लीक झालेला. तसाच चालू ठेवला असता तर व्हॉल्व्ह आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर दोन्ही जळू शकले असते. कंडेन्सर काही रुपयांत येतो. तो ट्रान्सफॉर्मर आज शोधून दाखवा!

आणि प्लीज, घरी प्रयोग नकोत. आत दोन-अडीचशे व्होल्ट डीसी असतं, प्लग काढल्यावरही फिल्टर कंडेन्सरमध्ये दबा धरून बसलेलं.