गांवठाणांतील घर विकत घेतांना

गांवठाणांतील घर घेतांना आपले शेतकरी बंधु बहुधा दोनच कागद पाहतात: ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा आणि घरपट्टीची पावती. उताऱ्यावर विकणाराचें नांव दिसलें कीं त्यांचें समाधान होतें. प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्यांत लेखणी झिजविण्यांत गेलें. त्या अनुभवावरून सांगणें प्राप्त आहे कीं, हा उतारा घरपट्टी कोणाकडून घ्यावी एवढ्यापुरताच आहे. तो मालकीचा दाखला नव्हे.

सन १८८२ च्या मालमत्ता हस्तांतर कायद्याच्या कलम ५४ प्रमाणें शंभर रुपये व त्यावरील किंमतीच्या स्थावराची विक्री नोंदलेल्या खरेदीखतानेंच होते. साठेखत हा पुढें विकण्याचा नुसता करार. पैसे चुकते केले तरी तेवढ्यानें मालकी येत नाहीं. मुखत्यारपत्रावर घर ‘विकण्याची’ युक्ति सर्वोच्च न्यायालयानें सन २०११ मध्यें निरुपयोगी ठरविली. खरेदीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांचे आंत तें दुय्यम निबंधकापुढें हजर करावें. पुढें दंड भरून आणखी चारच महिने मिळूं शकतात.

परंतु खरी मेख वारसांत असते. आमच्या तालुक्यांतील एका गृहस्थांनीं दोघां भावांपासून त्यांचें वडिलोपार्जित घर घेतलें. खत नोंदलेलें, ताबा मिळालेला. बहीण सासरीं, तिला कोणीं विचारलेंच नाहीं. वर्षभरानें तिची नोटीस आली, तेव्हां ते कागद घेऊन मजकडे आले. मीं काय सांगणार? विकणाराजवळ जेवढें होतें तेवढेंच घेणारास मिळतें. त्यांतून कुटुंबाच्या अविभक्त राहत्या घरांत परक्या खरेदीदारास एकत्र ताब्याचा हक्क कलम ४४ देत नाहीं. अखेर पत्नीचे दागिने गहाण ठेवून त्यांनीं बहिणीचा हिस्सा पुन्हा विकत घेतला.

मुलगी बापाची वारस सन १९५६ पासूनच आहे; ता. ९ सप्टेंबर २००५ पासून ती वडिलोपार्जित मिळकतींत जन्मानेंच मुलाइतकी वांटेकरी आहे. त्या दिवशीं बाप हयात असलाच पाहिजे असें नाहीं, हें सन २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें. सबब ‘ताईची तोंडी संमति आहे’ एवढ्यावर इसार देऊं नये. तिची खतावर सही घ्यावी, नाहीं तर आधीं नोंदलेलें हक्कसोडपत्र पाहावें.

निबंधकाच्या कचेरींत मागील तीस वर्षांचा शोध घेण्याची वहिवाट आहे, ती चुकवूं नये; गहाणखत असल्यास तेथें दिसतें. गांवठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघाली असल्यास तिच्यावरील क्षेत्र व चतुःसीमा स्वतः फिरून ताडून घ्याव्या. खरेदी नोंदल्यावर सूची क्रमांक दोनची प्रत घेऊन पंचायतींत नांव लावण्याचा अर्ज द्यावा व त्याची पोंच जपून ठेवावी.