कॅम्परव्हॅनची पहिली रात्र घरासमोर काढा

आजचा विषय कॅम्परव्हॅन. जुनी ईको किंवा ट्रॅव्हलर घ्यायची, आत गादी, पंखा, शेगडी बसवायची आणि निघायचं. रील्समध्ये हे फार सोपं दिसतं. पण गोवा गाठण्याआधी माझं एकच सांगणं आहे: पहिली रात्र घरासमोर काढा.

मी काढली नव्हती. थेट मुक्कामाला गेलो आणि रात्रभर पंखा चालवला, तोही इंजिनच्याच बॅटरीवर. सकाळी चावी फिरवली तर नुसतं टक-टक. एका ट्रॅक्टरवाल्या काकांनी जंपर केबल लावून दिली, म्हणून घरी आलो.

तर आधी वीज. आतल्या वापराची बॅटरी वेगळीच हवी. हिशोब सोपा आहे. 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे 1200 वॉट-अवर. लेड-अ‍ॅसिड असेल तर त्यातले निम्मे, म्हणजे 600 च वापरायचे. रोज त्याखाली नेली की ती लवकर मरते. 30 वॉटचा पंखा 10 तास चालला तर 300. दिवे आणि मोबाइलचे 80 धरा. इथपर्यंत जमतं. पण छोटा फ्रिज दिवसभरात 400 खात असेल, तर एकूण 780. संपलं गणित! आणि मे महिन्यात आपल्या सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की फ्रिज आणखी खातो. वायरिंगमध्ये फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावा. शॉर्ट झालं तर आगीपासून तोच वाचवतो.

आता गॅस. इथे चुकीला माफी नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की खाली तळाशी साचतो. म्हणून हवा जायला जागा तळाशीही ठेवा. जोडणीवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले म्हणजे गळती. काचा बंद करून शेगडी किंवा कोळसा पेटवू नका. त्यातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला कळतही नाही.

तिसरं, वजन. 60 लिटर पाणी म्हणजे 60 किलो, वर प्लायवूड आणि माणसं. सगळं भरून एकदा वजनकाट्यावर गाडी घ्या आणि मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडून बघा. टायरवर चार आकडे असतात: 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. नक्षी चांगली दिसली तरी टायर म्हातारा असू शकतो. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा.

आणि गाडीच्या मूळ रचनेत बदल करणार असाल तर कापाकापीच्या आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 याच बदलांबद्दल आहे.

आम्ही इंजिनिअर लोक कोड थेट प्रॉडक्शनला टाकत नाही, आधी टेस्टिंग करतो. तसंच इथे. एक रात्र घरासमोर, सगळं चालू ठेवून. काय बंद पडलं, कुठे गळलं ते वहीत लिहा. मग अक्कलकोट किंवा नळदुर्ग, एका मुक्कामाचं. तिथून फोन केला तर घरचं कुणीतरी तासाभरात पोचतं. ते जमलं की मग खुशाल गोवा.

तुमच्या व्हॅनमध्ये पहिल्या रात्री काय बिघडलं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकू.