जुन्या कौटुंबिक छायाचित्रांचा संगणकीय जीर्णोद्धार : केज परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

बीड जिल्ह्यातील केजचा परिसर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्राचा भाग झाला. या स्थित्यंतराच्या काळातील जमीनमहसुलाची कागदपत्रे अभ्यासकाला मिळू शकतात. परंतु सामान्य माणसाचा पोशाख, दागिने, घराची ठेवण यांविषयी ती मौन बाळगतात. ही उणीव कौटुंबिक छायाचित्र भरून काढते. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांची छायाचित्रे संग्रहांत जपली गेली. शेतकऱ्याच्या किंवा शिक्षकाच्या घरातील एकुलता एक फोटो मात्र लोखंडी पेटीत अथवा भिंतीवरील काचेमागे राहिला. घरच्या संगणकावर अशा छायाचित्राचा जीर्णोद्धार आता सहज शक्य झाला आहे. मात्र त्यात काय दुरुस्त करावे आणि कोठे थांबावे, हा प्रश्न तांत्रिक नसून अभ्यासाच्या शिस्तीचा आहे.

उद्दिष्टे :

१. छायाचित्रे खराब होण्याची कारणे समजून घेणे.
२. स्कॅनिंग व दुरुस्तीची योग्य पद्धत स्पष्ट करणे.
३. दुरुस्ती आणि नवनिर्मिती यांतील सीमारेषा निश्चित करणे.

छायाचित्रे का खराब होतात?

विसाव्या शतकातील बहुतांश कृष्णधवल प्रतींत कागदावर जिलेटिनचा थर असून त्यात चांदीचे सूक्ष्म कण असतात. पावसाळ्यातील दमट हवेत जिलेटिन फुगते व त्यावर बुरशी वाढते. उन्हाळ्याच्या कोरड्या उष्णतेत ते आकसून त्याला तडे जातात. या परिसरातील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी वर्षातील काही महिने स्थलांतर करतात. त्या काळात बंद घरातील पेटीकडे कोणाचेही लक्ष नसते. काचेला चिकटून बसलेला फोटो हा आणखी एक प्रकार होय. तो ओढून काढल्यास चेहऱ्याचा थर काचेवरच राहतो. म्हणून असा फोटो काचेसहच स्कॅन करावा. ओल्या फडक्याने कोणताही फोटो पुसू नये. धूळ मऊ कुंचल्याने झटकावी.

रंगीत प्रतींचे दुखणे निराळे असते. १९६०-७० च्या दशकांतील अनेक प्रतींत सायन रंगद्रव्य अंधारातही लवकर फिके पडते आणि संपूर्ण चित्र तांबूस दिसू लागते.

स्कॅनिंग : पहिली व महत्त्वाची पायरी

सहा बाय चार इंचांचा फोटो प्रति इंच ६०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केल्यास ३६०० × २४००, म्हणजे ८६ लाख ४० हजार बिंदू मिळतात. २४ बिट रंगात ही फाईल सुमारे २६ मेगाबाइटची होते. पासपोर्ट आकाराच्या लहान फोटोसाठी १२०० बिंदू घ्यावेत. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवावी, कारण जेपेग स्वरूपात फाईल लहान करताना काही तपशील कायमचा गळतो.

कृष्णधवल फोटोही रंगीत पद्धतीनेच स्कॅन करावा. पिवळे-तपकिरी डाग निळा प्रकाश शोषतात. त्यामुळे ते निळ्या घटकात गडद, तर लाल घटकात जवळजवळ अदृश्य असतात. केवळ लाल घटक वेगळा काढल्यास डागांचा बराचसा भाग कुंचला न लावताच नाहीसा होतो.

फोटोची मागील बाजूही स्कॅन करणे आवश्यक आहे. तेथे स्टुडिओचा शिक्का, नावे किंवा तारीख असू शकते. संस्थानकाळातील मजकूर उर्दूत, तर वर्ष फसली सनात असण्याची शक्यता असते. हैदराबादच्या फसली सनात साधारणपणे ५९० मिळवले असता इसवी सन मिळतो. उदाहरणार्थ, फसली १३५० म्हणजे इ. स. १९४०-४१.

दुरुस्तीची पद्धत :

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली, तर गिम्प ही मोफत आज्ञावली १९९६ पासून उपलब्ध आहे. दोहोंतही कामाचा क्रम सारखाच असतो. प्रथम 'लेव्हल्स'द्वारे लाल, हिरवा व निळा हे घटक स्वतंत्रपणे जुळवावेत. तांबूस झालेला फोटो यामुळे बराच सावरतो. त्यानंतर शेजारचा भाग उचलून भेगा व ओरखडे बुजवावेत. हे काम वेगळ्या लेयरवर केल्यास मूळ चित्राला धक्का लागत नाही आणि कोठे काय बदलले, हेही तपासता येते.

दुरुस्ती की नवनिर्मिती?

छायाचित्रात फेरफार करण्याची प्रथा संगणकाच्या आधीची आहे. दिवंगत व्यक्तीचा स्वतंत्र फोटो नसल्यास स्टुडिओतील कलाकार समूहचित्रातून चेहरा वेगळा काढून मोठा करीत, त्याला कोट किंवा फेटा चढवीत व हाताने रंग भरीत. हार घालून भिंतीवर लावण्यासाठी केलेले ते काम होते. त्यामागील भावना आदराची होती आणि तो फेरफार कुटुंबाला ठाऊक असे.

कृत्रिम बुद्धिमत्तेने मात्र हा फरक पुसट केला आहे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली जीएफपीगॅन ही प्रणाली ७० हजार चेहऱ्यांच्या चित्रसंग्रहावरून शिकलेली आहे. समूहचित्रातील धूसर चेहरा ती स्पष्ट करते. परंतु नष्ट झालेला तपशील परत आणणे तिला शक्य नसते, म्हणून ती संभाव्य तपशील रचते. परिणामी आजीच्या कपाळावरील गोंदण डाग समजून पुसले जाऊ शकते किंवा नथीचा आकार बदलू शकतो. नातवंडांना तो चेहरा सुंदर वाटेल. पण तो आजीचाच आहे, असे खात्रीने म्हणता येणार नाही. जिचा एकच फोटो उरला आहे, तिच्या बाबतीत ही हानी भरून न येणारी ठरते.

निष्कर्ष :

१. न बदललेला मूळ स्कॅन, मर्यादित दुरुस्तीची अभ्यासप्रत आणि भिंतीसाठीची सजवलेली प्रत, अशा तीन फाईली स्वतंत्र ठेवाव्यात.
२. प्रत्येक प्रतीसोबत केलेल्या बदलांची व छायाचित्रातील व्यक्ती, गाव आणि वर्ष यांची नोंद असावी.
३. फाईलींच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर व त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी ठेवावी.
४. स्कॅन झाल्यानंतरही मूळ फोटो टाकून देऊ नये.

इतिहास, मराठी व संगणकशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांकडून आपापल्या घरातील छायाचित्रांची अशी नोंद करवून घेतल्यास स्थानिक इतिहासाचे मौलिक साधन तयार होईल. यासाठी खर्च अल्प लागतो. मात्र त्वरा आवश्यक आहे. फोटोतील माणसे ओळखणारी पिढी वृद्ध होत आहे आणि विस्मरणात गेलेले नाव कोणत्याही आज्ञावलीने परत मिळवता येत नाही.